शुगरलँडचा केन हॉल कोण? आणि शाळेतल्या विक्रमाचं एवढं काय?

मृदुला_शुगरलँड

नमस्कार मंडळी. गेल्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीहून ह्यूस्टनजवळ शुगरलँडला आलो. थोरला नववीत आहे. तिकडे बुद्धिबळ आणि पोहणं चालायचं. इथे आल्या आल्या शाळेच्या फुटबॉलमध्ये नाव देऊन मोकळा झाला, हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये. आम्हाला विचारणं नाही, सांगणं नाही. नवरा म्हणतो खेळू दे, मी धास्तावलेली, आणि सांगलीहून आलेले माझे सासरे मात्र बेहद्द खूश. ते स्वतः कबड्डी खेळलेले, गुडघे अजून त्याची साक्ष देतात.

परवा शुक्रवारी मोठ्या मुलांचा सामना बघायला सगळे गेलो. स्टेडियमचं नाव केनेथ हॉल. मला वाटलं कुणी देणगीदार असेल. तर चिरंजीव म्हणाले, "आई, तो शुगरलँडच्या शाळेत होता, त्याचा विक्रम ५९ वर्षं टिकला." आणि मग धडाधड आकडे: ११,२३२, ४,०४५, ५२०. पुढे कुणा डेरिक हेन्रीने तो मोडला, त्याचे १२,१२४. सासऱ्यांनी मला विचारलं, "हे कसले, गुण का?" मला काही सांगता येईना. शेजारच्या बाकावरच्या गृहस्थांनी समजावलं, पण त्यांचा टेक्सन उच्चार आणि बँडचा दणदणाट यांत निम्मं वाहून गेलं.

इथे कुणी जाणकार असेल तर सांगा. हे आकडे कशाचे, ते मोठे आहेत म्हणजे किती मोठे, आणि शाळकरी पोराच्या खेळाची एवढी नोंद ठेवण्यासारखं त्यात असतं तरी काय? आपल्याकडे दहावीचे गुण सोडून शाळेतलं काय कोण लक्षात ठेवतं!

---

पंचगंगा

शीर्षक वाचून धावत आलो, म्हटलं शाहू स्टेडियमचा विषय निघाला. आत येऊन बघतो तर हेल्मेट. असो. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांतून पोरं घडतात. आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा शाळकरी वयातल्या खेळाडूची नोंद गाव ठेवतं ही गोष्ट आम्हाला नवी नाही. बाकी चालू द्या, मी कोपऱ्यात बसून वाचतो.

---

साखळीवाला

मृदुलाताई, नमस्कार. मी फ्लोरिडात, जॅक्सनव्हिलच्या उत्तरेला राहतो. मूळचा मिरजेचा, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या शेजारचाच. मुलगी हायस्कूलच्या बँडमध्ये होती, तेव्हा एका शुक्रवारी सामन्याला साखळी धरणारा माणूस आला नाही म्हणून मला मैदानात ओढलं. मुलगी शिकून नोकरीला लागली, मी अजून साखळी धरून उभा आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला साखळीपासूनच द्यावं लागेल.

मैदान १०० यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्न, त्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकले की पुन्हा चार. ते दहा यार्ड भरले का नाही हे मोजायला दोन काठ्यांमध्ये बांधलेली दहा यार्डांची साखळी असते, ती आम्ही धरतो. चेंडू पुढे न्यायचे मार्ग दोन. एक फेकून, दुसरा बगलेत घट्ट धरून पळत. पळून काढलेले यार्ड वेगळे मोजतात, त्यांना रशिंग यार्ड म्हणतात, आणि हे काम ज्याचं तो रनिंग बॅक. तुमच्या मुलाने सांगितलेले सगळे आकडे या पळून काढलेल्या यार्डांचे.

सासऱ्यांना असं सांगा: चढाईला गेलेला गडी, पण समोर सात नाहीत, अकरा. मध्यरेषेला परत यायचं नाही, पुढेच जायचं. आणि धरलाच, तरी जिथे पडला तिथपर्यंतची जमीन त्याची.

आता मापाचं बोलू. शाळेच्या एका सामन्यात पोराने १०० यार्ड काढले तर शनिवारी सकाळी गावात त्याचं नाव निघतं. सबंध मोसमात हजार काढले तर त्या वर्षापुरता तो गावचा हिरो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

केन हॉल शुगरलँड हायस्कूलमध्ये होता १९५० ते १९५३. तुम्ही ज्या शुगरलँडमध्ये राहता, तिथे आज किराणा भरायला निघालं की चार मराठी माणसं भेटत असतील. तेव्हा ते साखर कारखान्याचं, दोन-अडीच हजार वस्तीचं गाव होतं. इंपीरियल शुगरचा कारखाना, कारखान्याची घरं, कारखान्यातले आईबाप. सांगली-मिरजेच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. त्या गावातल्या त्या पोराने शेवटच्या वर्षी बारा सामन्यांत ४,०४५ यार्ड काढले. म्हणजे दर सामन्याला सरासरी ३३७. आणि ५२० ज्याला म्हणतात तो एकच सामना, ऑक्टोबर १९५३ मधला, ह्यूस्टन लूथरन शाळेविरुद्ध. चेंडू त्याच्या हातात आला फक्त ११ वेळा. अकरा वेळांत ५२० यार्ड. भागाकार करा, दर खेपेला सत्तेचाळीसच्या वर. म्हणजे मैदानाच्या मधोमध चेंडू हातात दिला तर तो बहुतेक वेळा थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायचा. अशा सामन्यांत त्याला पुढे पुढे बाहेरच बसवायचे, कारण निकाल कधीच लागलेला असायचा.

चार वर्षांची बेरीज ११,२३२. हा विक्रम एवढा उंच होता की त्याच्या जवळपास कुणी पोचत नव्हतं. आमच्या फ्लोरिडाचा एमिट स्मिथ घ्या. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त यार्ड त्याच्या नावावर लागले, १८,३५५, ते अजून त्याच्याच नावावर आहेत. पेन्साकोलाच्या एस्कॅम्बिया हायस्कूलमध्ये त्याने १९८३ ते १९८६ या काळात ८,८०४ यार्ड काढले आणि तेव्हा तो देशात दुसरा आला. पहिल्यापासून अडीच हजार यार्ड मागे राहून दुसरा!

आता डेरिक हेन्री. माझ्या भागातला पोरगा, म्हणून इथे माझा आवाज थोडा चढेल, सांभाळून घ्या.

जॅक्सनव्हिलहून समुद्राकडे, अमेलिया बेटाकडे जायला निघालं की वाटेत यूली लागतं. हायवेच्या दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं, पेट्रोलपंप, आणि पुढे फर्नांडिना बीचला कागदाची गिरणी. थांबावं असं काही नाही. हायस्कूलही तेव्हा नवीनच होतं. या पोराला वाढवलं आजीने. आईबाप स्वतःच शाळकरी वयाचे होते, बाळ येणार हे कळल्यावर आजीला जो धक्का बसला त्यावरून तिने नातवाचं लाडाचं नाव ठेवलं, शॉका. नातू सव्वासहा फूट उंच झाला, अंगाने भरला, आणि एवढं करून वाऱ्यासारखा पळायला लागला.

त्याचे चार वर्षांचे आकडे मला तोंडपाठ आहेत: नववीत २,४६५, दहावीत २,७८८, अकरावीत २,६१०, बारावीत ४,२६१. बेरीज १२,१२४. मीटरमध्ये केलंत तर अकरा किलोमीटरच्या वर जातं. हे सगळं अंतर तो समोर अकरा जण आडवे येत असताना पळाला आहे. टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे जाणं, १५३. हॉलचा विक्रम मोडला तो नोव्हेंबर २०१२ मध्ये, प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात. त्या एका रात्री त्याने ४८२ यार्ड काढले.

माझं स्वतःचं मत असं की यातला सर्वांत मोठा आकडा १२,१२४ नाही, ५२० तर नाहीच. सर्वांत मोठा आकडा नववीतला २,४६५. बारावीतला सव्वासहा फुटी गडी पोरांना उडवून लावतो हे समजण्यासारखं आहे. पण नववी म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचं पोर. तुमच्या घरात आत्ता जेवढं आहे तेवढंच. समोर अठरा वर्षांचे, दाढी फुटलेले, वजनं उचलून दंड कमावलेले बाप्ये. मी साखळी धरून उभा असतो तेव्हा पाच-सात फुटांवरून ती टक्कर ऐकतो. टीव्हीवर तो आवाज येत नाही. नववीतल्या मुलाला बहुतेक ठिकाणी मोठ्यांच्या संघात घेतच नाहीत, त्यामागे कारण आहे. आणि हा त्या वर्षी अडीच हजाराला टेकला. मला तिथे टोपी काढावीशी वाटते. पुढचं सगळं व्याज.

हेन्रीला मी एकदाच खेळताना पाहिला, बाहेरगावच्या एका मैदानावर, प्रेक्षकांतून. तो फार ताठ पळतो. रनिंग बॅकने खाली वाकून, खांदे पाडून पळावं असं सगळे शिकवतात. हा उभाच्या उभा. अंगावर आला की एक हात लांब करून समोरच्याच्या छातीवर ठेवतो आणि नुसता बाजूला सारतो. माझ्या शेजारी बसलेले एक प्रशिक्षक त्या दिवशी म्हणाले होते, हा कॉलेजात रनिंग बॅक राहणार नाही, एवढ्या उंच पोराला लाइनबॅकर करतील, म्हणजे पळणाऱ्याला अडवणारा. तसं म्हणणारे देशभर बरेच होते. पुढे २०१५ मध्ये अलाबामा विद्यापीठाकडून २,२१९ यार्ड काढून त्याने हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला, आणि २०२० मध्ये व्यावसायिक खेळात टेनेसीकडून २,०२७. आमच्या जॅक्सनव्हिलने मात्र त्याला घेतलं नाही. २०१८ च्या डिसेंबरात आमच्याच संघाविरुद्ध त्याने एका दमात ९९ यार्ड पळून टचडाउन केलं. घरापासून अर्ध्या तासावरचा पोरगा! त्या रात्री मी टीव्ही बंद केला आणि पिठलं टाकलं.

---

अर्धवट_पुणेकर

साखळीवाले, छान लिहिलंत, पण आकड्यांच्या मागचं थोडं सांगायला हवं, नाहीतर मृदुलाताईंना वाटेल सगळं एकाच तराजूत मोजलेलं आहे. (मी डॅलसला असतो. पुणेकर असल्यामुळे गप्प बसवत नाही.)

शाळांचे गट असतात. टेक्सासमध्ये तर हजारो मुलांच्या शाळा आणि शंभर मुलांच्या शाळा असा फरक. केन हॉल खेळला तो खालच्या गटात, छोट्या शाळांविरुद्ध. लूथरनच्या त्या सामन्यात समोर किती दमाचे खेळाडू होते हा प्रश्न विचारायलाच हवा. दुसरं म्हणजे १९५३ चा टेक्सास. गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, काळ्या मुलांच्या वेगळ्या. काळ्या मुलांच्या शाळांची स्वतंत्र संघटना होती, प्रेअरी व्ह्यू लीग. त्यांचे सामने सहसा बुधवारी-गुरुवारी, कारण शुक्रवारी मैदान गोऱ्यांना लागायचं. त्या पोरांच्या कामगिरीची नोंद कुणी नीट ठेवली नाही. तेव्हा "त्या काळात सर्वांत पुढे" म्हणताना "ज्यांची नोंद ठेवली त्यांत सर्वांत पुढे" असं म्हणावं, एवढंच माझं म्हणणं. हॉलचा यात काही दोष नाही. तो समोर आलेल्यांना चुकवून पळाला.

आणि मधल्या एका पोराला तुम्ही विसरू नका. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळच्या ओनोंडागा सेंट्रलचा माइक हार्ट, २०००-२००३. त्याचे यार्ड ११,०४५, म्हणजे हॉलपेक्षा फक्त १८७ कमी. एक बरा सामना मिळाला असता तर ५९ वर्षांचा विक्रम ५० वर्षांतच गेला असता आणि मृदुलाताईंच्या चिरंजीवांना दुसरं नाव पाठ करावं लागलं असतं. टचडाउन मात्र त्याने २०४ केले. हेन्रीचे १५३, हॉलचे १२७. मला विचाराल तर शेवटी टचडाउन महत्त्वाचे, यार्ड मोजत बसणं हा साखळीवाल्यांचा शौक.

---

साखळीवाला

पुणेकर, प्रेअरी व्ह्यूचं बोललात ते बरं केलंत. गटांचंही मान्य.

टचडाउनचं मान्य नाही. टचडाउन म्हणजे रेषेपलीकडे गेला की मोजायचा. दोन यार्डांवरून ढकलून गेला तरी एक, ऐंशी यार्ड पळून गेला तरी एक. दोन यार्डांवर चेंडू कुणी आणून दिला हे त्यात दिसत नाही. यार्ड खोटं बोलत नाही. आणि हार्ट छान खेळला, मिशिगन विद्यापीठाकडूनही पाच हजारांवर यार्ड काढले, वाद नाही, पण तोही छोट्याच गटातला. हा नियम हॉलला लावायचा आणि हार्टला माफ करायचं, हे पुण्यातच चालतं.

---

नीलिमा_फिजिओ

मी खेळाडूंसोबत काम करते म्हणून एकच मुद्दा. हेन्रीने बारावीत ४,२६१ यार्ड काढले ते ४६२ वेळा चेंडू घेऊन. म्हणजे त्या पोराला एका मोसमात चारशेहून जास्त वेळा पाडलं, किंवा पाडायचा प्रयत्न झाला. तेरा सामन्यांत. सामन्याला पस्तीसच्या वर. तो टिकला, त्याचं शरीर अपवाद आहे. सामान्य मुलावर एवढा भार टाकणाऱ्या प्रशिक्षकाला मी हात जोडून थांबवीन.

मृदुला, तुझी धास्ती चुकीची नाही. डोक्याला मार लागला, मुलगा गोंधळलेला वाटला, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणाला, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पुढेही नाही. शाळेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर असतो, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती बघणारा, त्याची ओळख करून घे. प्रशिक्षकापेक्षा तो तुझ्या जास्त उपयोगाचा. मुलं लक्षणं लपवतात, जागा जाईल म्हणून. तेव्हा घरी आल्यावर "कसा झाला सरा‍व" एवढ्यावर सोडू नकोस.

---

मृदुला_शुगरलँड

किती सुंदर माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. नीलिमाताई, ट्रेनरला आजच मेल केली. साखळीवाले काका, तुमचं उत्तर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "जिथे पडला तिथपर्यंतची जमीन त्याची" इथे त्यांनी मांडीवर थाप मारली आणि म्हणाले, हा मिरजेचाच असणार.

दोन गोष्टी राहिल्या. एक, केन हॉलचं पुढे काय झालं? हेन्री मोठा खेळाडू झाला हे कळलं, पण हॉलचं नाव मी स्टेडियमशिवाय कुठे ऐकलं नाही. आणि दुसरं जरा घरगुती. आमच्या चिरंजीवांना रनिंग बॅक व्हायचं होतं. पण आजीच्या हातचं खाऊन ते थोडे भक्कम आहेत, तर प्रशिक्षकांनी त्यांना गार्ड केलंय. काल घरी आला तो फुगून. म्हणतो, "गार्डच्या नावावर एकही आकडा लागत नाही." हे खरं आहे का? का आम्हाला पटवायला सांगतोय?

---

साखळीवाला

आधी हॉलचं सांगतो.

हॉल १९५४ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेला. त्याच वर्षी तिथे बेअर ब्रायंट नावाचे प्रशिक्षक आले, पुढे अलाबामाला जाऊन दंतकथा झालेले. दोघांचं जमलं नाही. ज्या पोराला मोकळ्या मैदानात पळायला सोडायचं, त्याला त्यांनी फुलबॅक आणि लाइनबॅकर केलं, म्हणजे गर्दीत घुसून टक्कर द्यायचं काम. हॉलने संघ अर्ध्यात सोडला. नंतर कॅनडात एडमंटन, मग शिकागो, १९६० मध्ये ह्यूस्टन ऑइलर्स. तिथे चेंडू लाथाडून पाठवल्यावर तो झेलून परत पळायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्या वर्षी लीगमध्ये त्याची सरासरी पहिली आली. ऑइलर्स त्या वर्षीचे विजेते. पण मोठी कारकीर्द झाली नाही.

शुगरलँड हायस्कूलही उरलं नाही. १९५९ मध्ये ते शेजारच्या शाळेशी एकत्र झालं आणि डलेस हायस्कूल उभं राहिलं. साखर कारखाना २००३ मध्ये बंद पडला, इमारत अजून दिसते म्हणतात, गाडीतून जाताना सासऱ्यांना दाखवा. म्हणजे शाळा नाही, कारखाना नाही, विक्रम नाही, आणि तरी तुमच्या मुलाला ११,२३२ पाठ आहे. तुम्ही विचारलंत ना, शाळेतल्या खेळाची नोंद ठेवण्यासारखं काय असतं. हॉलचं तर नेमकं शाळेतलंच तेवढं होतं. सतरा-अठराव्या वर्षी त्याच्यासारखा कुणी नव्हता, आणि पुढे तो बरा खेळाडू होता. देशभर दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यातली शंभरातली सातेक कॉलेजात खेळतात, त्यांच्यातली अगदी मूठभर व्यावसायिक. बाकी सगळ्यांचा खेळ शाळेतच होतो. तो तिथे मोजायचा नाही तर कुठे मोजणार?

आता गार्ड.

चिरंजीव खरं सांगतात. पुढच्या फळीत पाच जण असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, कडेला दोन टॅकल. चेंडू यांच्या हातात येत नाही, सेंटर तेवढा तो पायांमधून मागे देतो. यांचं काम समोरच्याला अडवून, सारून, पाडून वाट मोकळी करणं. त्या वाटेने रनिंग बॅक पळतो आणि यार्ड त्याच्या नावावर लागतात. हेन्रीच्या १२,१२४ यार्डांत यूलीच्या पुढच्या फळीतल्या पोरांचा एकही यार्ड नाही. त्यांची नावं तुम्हाला कुठल्याच विक्रमांच्या यादीत सापडणार नाहीत.

पण मी बाजूला उभा राहून काय बघतो ते सांगतो. प्रेक्षक चेंडूकडे बघतात. साखळीवाल्याला पुढच्या फळीची रेषाच बघावी लागते, कारण काठी तिथेच लावायची असते. चेंडू हलल्यावर पहिल्या सेकंदात तिथे जे होतं त्यावरून मला कळतं, पोरगा तीन यार्ड जाणार का तीस. डावा गार्ड उठून उजवीकडे धावतो, आडवा येणाऱ्याला खांद्याने उचलतो आणि दार उघडतं. याला पुल करणं म्हणतात. शंभर किलोच्या पोराने ते वेळेवर केलं तर त्याच्यासारखं बघण्यासारखं दुसरं नाही. सासरे कबड्डीचे, त्यांना सांगा की नातवाला कोपरारक्षकाची जागा मिळाली आहे. ते समजतील.

चिरंजीवांना मात्र हे लगेच सांगू नका. नववीतल्या मुलाला आईने समजूत घातलेली आवडत नाही. त्याला एवढंच सांगा की पुढच्या सामन्यात आजोबा फक्त गार्डकडे बघणार आहेत.

---

अर्धवट_पुणेकर

गार्डवरचा परिच्छेद मान्य. बिनशर्त. (नोंद घ्यावी.)

मृदुलाताई, टेक्सासचा एक नियम तुमच्या कामाचा. १९८४ पासून इथे कायदा आहे, नो पास नो प्ले. एखाद्या विषयात ७० च्या खाली गुण आले तर पोराला सामना खेळता येत नाही, सराव तेवढा करता येतो. तुम्हाला बीजगणितासाठी मागे लागायचं काम राहिलं नाही, ते प्रशिक्षकच करतील. आमच्या घरात माझ्या बोलण्याने जे झालं नाही ते प्रशिक्षकांच्या एका नजरेने झालं.

आणि नववीच्या संघाचे सामने शुक्रवारी नसतात, मधल्या वारी संध्याकाळी, लहान मैदानावर असतात. शुक्रवार आणि हॉल स्टेडियम मोठ्यांचं. होमकमिंगच्या, म्हणजे माजी विद्यार्थी शाळेत परत येतात त्या उत्सवाच्या आठवड्यात घरात कुणी "मम" मागितलं तर दचकू नका. शेवंतीचं खोटं फूल, त्याला जमिनीपर्यंत रिबिनी, टेडी, घुंगरं. मुली छातीवर लावतात, मुलगे दंडावर. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो होतो.

---

पंचगंगा

घुंगरं? फुटबॉलला? कोल्हापुरात हलगी असते. बरं, वाचतोय.

---

मृदुला_शुगरलँड

गुरुवारी संध्याकाळी नववीचा सामना झाला. मी, सासरे आणि डबा असे तिघे गेलो. सासऱ्यांनी खरंच चेंडूकडे पाहिलं नाही. ६४ नंबरवर नजर. एकदा आमचा पठ्ठ्या धावत गेला आणि त्याने कुणाला तरी आडवं केलं, मागून यांचा रनिंग बॅक वीसेक यार्ड पळाला, सगळे त्या पळणाऱ्यासाठी ओरडत होते आणि माझे सासरे उभं राहून "भले शाब्बास, चौसष्ट!" म्हणून ओरडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणती भाषा. त्या दुसऱ्या गार्डची आई निघाल्या. आता आमचं दोघींचं ठरलंय, पुढच्या वेळी शेजारीच बसायचं.

मुलगा घरी येऊन म्हणाला, आजोबा फार ओरडतात. पण जेवताना स्वतःच तो डाव ताटावर पोळीचे तुकडे मांडून आजोबांना दाखवत होता.

साखळीवाले काका, एक शेवटचं. सासरे मार्चपर्यंत इथे आहेत आणि त्यांना तुमच्या कामात फार रस वाटतोय. विचारताहेत, साखळी धरायला वयाची अट असते का, आणि पैसे किती मिळतात?

---

साखळीवाला

वयाची अट नाही, गुडघ्यांची आहे. डाव अंगावर आला तर काठी टाकून मागे पळता यायला हवं. तुम्ही लिहिलंत त्यावरून त्यांच्या गुडघ्यांचं अवघड दिसतंय. तिसऱ्या काठीवर, जिच्यावर कितवा प्रयत्न ते आकडे फिरवतात, तिथे चालण्याचं काम जरा कमी, पण पळावं तिथेही लागतं.

दुसरी अडचण मोठी. साखळीवाल्याला ओरडता येत नाही. पंच लगेच डोळे वटारतात. चौसष्ट नंबरसाठी सुद्धा नाही. त्यापेक्षा त्यांना प्रेक्षकांतच बसू द्या.

पैसे नसतात. अर्ध्या वेळात हॉटडॉग मिळतो. मी घरून थालीपीठ नेतो.